मँडोलिनचं साल आणि आपला मे महिना

जुनं मँडोलिन विकायला निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोन्त्या सालचं हाय?" मग २०१४ चं बरं की २०१७ चं, असा वाद रंगतो. साल बघण्याच्या या सवयीला जगभर खतपाणी मिळालं ते अमेरिकेतल्या कालामाझू गावातून. तिथल्या गिब्सन या वाद्यांच्या कारखान्यात लॉइड लोअर हा ध्वनीचा जाणकार कामाला होता. १९२२ ते १९२४ दरम्यान त्याच्या सहीचं लेबल लागलेली एफ-५ नावाच्या मॉडेलची मँडोलिनं आज एक लाख डॉलरच्याही वर जातात. त्याच कंपनीची १९७० च्या दशकातली मँडोलिनं मात्र अनेक वादकांना जड आणि दबक्या आवाजाची वाटतात.

म्हणजे साल महत्त्वाचंच? माझ्या मते त्या साली वाद्याची वरची फळी कोण तासत होतं, हे महत्त्वाचं. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: जाडी १० टक्के जास्त राहिली, तर ताठपणा ३३ टक्क्यांनी जास्त. त्यात स्प्रूसच्या, म्हणजे या फळीसाठी वापरतात त्या लाकडाच्या, दोन फळ्या कधी सारख्या नसतात. हाताने घडवणारा कारागीर फळी टिचकी मारून ऐकतो आणि तिच्या स्वभावाप्रमाणे तासतो. यंत्र सगळ्यांना एकच माप लावतं. त्यामुळे एकाच दिवशी कारखान्यातून निघालेली दोन वाद्यंही वेगळी बोलतात, तिथे २०१४ आणि २०१७ ची तुलना काय करायची?

लाकूड वयानुसार बदलतं, हे खरं. त्यातला हेमिसेल्युलोज नावाचा घटक हळूहळू विघटित होतो, लाकूड किंचित हलकं होतं, ओल कमी शोषतं. पण त्याला अनेक दशकं लागतात. शिवाय शंभर वर्षांपूर्वीची वाईट वाद्यं केव्हाच चुलीत गेली, उरली ती बहुधा चांगलीच. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद गॉगल चढवून नवी-जुनी सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती. जुन्यांत स्ट्राडिव्हारी या नामांकित इटालियन कारागिराचीही होती. घरी न्यायला आवडेल असं वाद्य निवडताना फक्त आठ जणांनी जुनं उचललं.

आता आपल्या गावाकडे या. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. ऑगस्टमध्ये तीच ८० च्या वर. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, तेच मँडोलिनच्या फळीचं होतं. अशा हवेत उघडं राहिलेलं लाकूड उन्हाळ्यात जेमतेम ४-५ टक्के ओल धरतं, पावसाळ्यात १५ च्या आसपास. हिशेब केला तर २५ सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची फळी रेषांच्या आडव्या दिशेने सुमारे तीन मिलिमीटर फुगते-आकसते. पॉलिशमुळे ओलीची ये-जा मंदावते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो. पण फळी कडेला चिकटवलेली, वर आठ तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताण. आकसायला जागा नसली की ती रेषेत फाटते. पावसात फळी फुगून वर उचलते, तिच्यासोबत तारा टेकतात ती घोडी वर जाते आणि तारा दाबताना बोटं दुखतात. उन्हाळ्यात उलट. तारा खाली येऊन झणझणतात, दांडीची पट्टी आकसते आणि पडद्यांची टोकं हाताला खुपू लागतात.

गंमत म्हणजे इथे प्लायवूडचं स्वस्त मँडोलिन तगून राहतं. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने फुगणं-आकसणं फार कमी. आवाज जरा कोंदट, पण मंडळाच्या टेम्पोतून गावोगाव हिंडायचं असेल तर मी तेच घेईन. सबंध लाकडाचं असेल तर ते टिनाच्या खोलीत आणि कुलरसमोर ठेवू नये. कुलर चालू असताना दमट, बंद झाला की कोरडं, हे रोजचे हेलकावे लाकडाला सोसत नाहीत. पेटीत बंद ठेवून सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पण घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा. पावसाळा लागला की तो काढून टाकायचा.

आणि जुनं विकत घ्यायचं तर सौदा मेच्या शेवटी, नवतपाच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत करा. ऑगस्टमध्ये बारीक भेगा फुगून मिटलेल्या असतात. नवतपात त्या उघड्या पडतात, आतून मोबाईलचा टॉर्च लावला की उजेड बाहेर येताना दिसतो.