प्रोजेक्टाइल मोशनचं किट घेतलंत, आता वर्गात ते असं चालवा

नमस्कार सर, मॅडम आणि पालक मंडळी,

आमचं छोटंसं वर्कशॉप आहे, परळला, शाळा-कॉलेजं आणि क्लासेससाठी फिजिक्सची साधनं बनवतो. हे माहितीपत्रक प्रोजेक्टाइल मोशनच्या, म्हणजे फेकलेली वस्तू हवेतून कशी जाते ते दाखवणाऱ्या, किटच्या डब्यात टाकतोय कारण जोडणी कशी करायची हे तर चित्रावरून कुणालाही कळतं, पण पोरांसमोर ते कोणत्या क्रमानं काढायचं, कुठे थांबायचं, कुठे काहीच न बोलता त्यांना भांडू द्यायचं, हे चित्रात येत नाही. आमचं म्हणणं एकच आहे, बॉल सोडायच्या आधी तो कुठे पडणार यावर प्रत्येक मुलाकडून जमिनीवर खडूची खूण करून घ्या, सूत्र त्यानंतर. सूत्र आधी दिलं की मुलं फक्त आकडे टाकतात आणि बॉल पडतो तेव्हा बघतही नाहीत.

हा धडा महाराष्ट्र बोर्डात अकरावीला येतो, मोशन इन अ प्लेनमध्ये, पण नववीत गतीची समीकरणं झालेली असतात आणि दहावीचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, त्यामुळे किटचा अर्धा भाग दहावीच्या मुलांनाही आरामात झेपतो. सीईटी आणि जेईईची तयारी करणाऱ्यांना सूत्रं पाठ असतात पण बॉल सगळ्यात वर असताना त्याचं त्वरण किती असं विचारलं की बरेचजण शून्य म्हणतात. त्यांच्यासाठी पण किट आहे.

डब्यात काय काय आहे

अॅल्युमिनियमची वळवलेली पन्हाळ, टेबलाला लावायचा क्लॅम्प, १६ मिमीच्या स्टीलच्या गोळ्या (एकीचं वजन साधारण १७ ग्रॅम), कोनमापक लावलेला स्प्रिंगचा लाँचर, दोन गोळ्या एकदम सोडायचा खटका, ओळंबा, कार्बन पेपर, एक टेबल टेनिसचा बॉल आणि गॉगल. टेबल टेनिसचा बॉल चुकून आलेला नाही, त्याचं काम पुढे आहे.

सुरुवात आवाजापासून करा

पहिल्या दिवशी फक्त खटका काढा. त्यात दोन गोळ्या बसतात, दांडा सुटला की एक सरळ खाली पडते आणि दुसरी त्याच क्षणी आडवी फेकली जाते. सोडायच्या आधी विचारा आधी कुठली पडेल, हात वर करून घ्या, फळ्यावर मतं लिहा. जिला लांब जायचंय तिला वेळ लागणार असं म्हणणारी मुलं निघतातच आणि त्यांना चूक म्हणू नका, तसं वाटणं अगदी साहजिक आहे. मग पंखा बंद, सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि खटका सोडा. टक. एकच आवाज येतो. डोळे उघडे असले की नजर लांब जाणाऱ्या गोळीच्या मागे धावते आणि दुसरी कधी पडली ते कळतच नाही, कान मात्र दोन आवाजांतला छोटासा फरकही पकडतो, म्हणून डोळे मिटायचे. स्प्रिंग जास्त दाबून परत करा, आडवी गोळी आणखी लांब जाईल पण आवाज एकच.

इथे थांबा. या प्रयोगात सगळा धडा आहे, आडवं जाणं आणि खाली पडणं ही दोन कामं एकाच वेळी चालतात आणि एकाचं दुसऱ्याला काही देणंघेणं नाही. ७५ सेमीच्या टेबलावरून पडायला ०.३९ सेकंद लागतात, मग आडवा वेग काहीही असो. बाकी सगळी सूत्रं यातूनच निघतात आणि ज्या मुलाला हे पटलं त्याला ती पाठ करावी लागत नाहीत.

आता पन्हाळ, आणि इथे घाई करू नका

क्लॅम्प टेबलाच्या कडेला घट्ट बसवा. पन्हाळीचा शेवटचा तुकडा एकदम आडवा हवा, त्यावर गोळी ठेवून बघा, पुढे-मागे न घरंगळता थांबली तर बरोबर. थोडा जरी वर किंवा खाली कललेला असेल तर सगळे आकडे बिघडतात आणि मुलं म्हणतात सूत्र खोटं आहे. तोंडापासून ओळंबा सोडा आणि जमिनीवर तो टेकतो तिथे फुली मारा, अंतर या फुलीपासून मोजायचं, टेबलाच्या पायापासून नाही. उंची मोजायची ती तोंडाशी असलेल्या गोळीच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत. गोळी बोटानं सोडू नका, बोटाचा नकळत धक्का बसतो, समोर पट्टी आडवी धरा आणि पट्टी झटकन उचला.

पहिल्यांदा कार्बन न ठेवता एकदा सोडून ती साधारण कुठे पडते बघा, मग तिथे पांढरा कागद आणि वर कार्बन, काळी बाजू खाली. एकाच खुणेवरून आठ-दहा वेळा सोडली की कागदावर ठिपक्यांचा छोटासा पुंजका तयार होतो. हा पुंजका मुलांना हातात घेऊन बघू द्या, प्रत्येक ठिपका वेगळा का पडला यावर बोलू द्या, सरासरी कशाला काढायची हे तिथे आपोआप कळतं.

समजा पन्हाळीच्या तोंडापेक्षा २० सेमी वरून गोळी सोडली आणि ७५ सेमी खाली जमिनीवर सरासरी ६४ सेमीवर पडली. पडायला ०.३९ सेकंद, म्हणजे आडवा वेग झाला सेकंदाला साधारण १.६४ मीटर. आता जमिनीवर ३० सेमी उंचीचं खोकं ठेवा, म्हणजे पडायची उंची राहिली ४५ सेमी, आणि विचारा गोळी खोक्यावर कुठे पडेल. झटपट उत्तर येतं ३८, कारण उंची ज्या प्रमाणात कमी झाली त्या प्रमाणात अंतरही कमी होईल असं धरलेलं असतं. ज्यांनी वेळ काढली त्यांना ४५ सेमीसाठी ०.३० सेकंद मिळतात आणि अंतर येतं साधारण ५० सेमी. दोन्ही ठिकाणी खडूनं गोल काढा, नावं लिहा, ५० वर एक स्टीलची वाटी ठेवा आणि मग सोडा. वाटीत गोळी वाजली की वर्गात जो आरडाओरडा होतो तो होऊ द्या, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. वेळ उंचीच्या वर्गमूळाबरोबर बदलतो हे वाक्य त्या वर्गाला परत सांगायला लागत नाही.

हुशार पोरं इथे अडवतात, तयारी ठेवा

कुणीतरी ऊर्जेचं गणित लावेलच. २० सेमी वरून आली म्हणजे वेग १.९८ यायला हवा, मग अंतर ७७ सेमी, तुमचं किट ६४ च का दाखवतंय? हा प्रश्न आला तर समजा की तास चांगला चाललाय. आम्हाला फोनही येतात यावरून. घर्षण म्हणून सोडून देऊ नका, ते उत्तर पुरेसं नाही. गोळी घसरत नाही, घरंगळते, आणि उंचीवरून मिळालेल्या ऊर्जेचा काही भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो. भरीव गोळी सपाट उतारावरून घरंगळली तर पुढे जायला पाच सप्तमांश ऊर्जा उरते आणि फिरण्यात दोन सप्तमांश जाते, त्यामुळे वेग १.९८ ऐवजी १.६७ होतो आणि अंतर ७७ ऐवजी ६५. पन्हाळीत गोळी दोन कडांवर टेकून फिरते म्हणून तिला आणखी जरा जोरात फिरावं लागतं आणि अजून सेंटिमीटरभर कमी होतं. हे गणित मुलांना बारावीच्या रोटेशनल डायनॅमिक्समध्ये भेटतं, पण अकरावीतच एखाद्या मुलानं कागदावर हा फरक पकडला तर त्याला थांबवू नका.

गॅलिलिओनंही १६०८ च्या सुमारास हाच प्रयोग केला होता, उतारावरून गोळी सोडायची, टेबलावरून खाली पडू द्यायची आणि अंतरं टिपून ठेवायची, त्याच्या टिपणांचा कागद आजही आहे. फेकलेली वस्तू पॅराबोलाच्या, म्हणजे कमानीसारख्या वक्र वाटेनं जाते हे त्यानं पुस्तकात मांडलं १६३८ मध्ये, म्हणजे मधे तीस वर्षं गेली, तेव्हा आपल्या मुलांना दोन तास लागले तर काही बिघडत नाही.

लाँचर आणि ४५ अंशांचा घोळ

सगळ्यात जास्त तक्रारी इथे येतात म्हणून नीट वाचा. पुस्तकात आहे की ४५ अंशाला रेंज, म्हणजे गोळी जाते ते आडवं अंतर, सगळ्यात जास्त आणि ३० व ६० ला सारखी. हे खरं आहे, पण गोळी ज्या उंचीवरून सुटली त्याच उंचीवर पडली तरच. लाँचर टेबलावर आणि गोळी जमिनीवर, असं केलंत तर ते जुळणारच नाही. सेकंदाला ३ मीटर वेग धरा आणि उंची ७५ सेमी, तर ३० अंशाला गोळी जाते १४९ सेमी, ४५ ला १४१ आणि ६० ला फक्त १११. सगळ्यात लांब जाते ती ३२ अंशाच्या आसपास. किटमध्ये बिघाड नाही, जास्त वेळ खाली पडायला मिळतोय म्हणून आडव्या वेगाचा फायदा वाढतो एवढंच.

म्हणून आधी लाँचर जमिनीवरच ठेवा किंवा गोळी पडेल तिथे लाँचरच्या तोंडाच्या उंचीचं खोकं ठेवा. त्याच वेगानं ४५ ला ९२ सेमी आणि ३० व ६० दोन्हींना ८० च्या आसपास मिळेल, पण ६० वाली हवेत ०.५३ सेकंद असते आणि ३० वाली ०.३१, हा फरक डोळ्यांना सुद्धा दिसतो. हे जमलं की मगच टेबलावर चढवा आणि ४५ का हरला ते मुलांनाच शोधू द्या, आमच्या मते या किटमधला सगळ्यात चांगला तास हाच.

मैदानावर खेळणारी मुलं लगेच विचारतात की बाउंड्रीवरून थ्रो करताना ४५ अंशात कुणी का टाकत नाही. चांगला प्रश्न आहे. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किमीनं टाकलेला बॉल हवा नसती तर ४५ अंशाला ९२ मीटरवर पडला असता, प्रत्यक्षात हवा त्याला बराच अलीकडे पाडते, शिवाय फिल्डरला लांबीपेक्षा वेळ महत्त्वाचा, चपटा थ्रो विकेटकीपरकडे लवकर पोचतो. आता टेबल टेनिसचा बॉल काढा. २.७ ग्रॅमचा हा बॉल लाँचरमध्ये बसत नाही, म्हणून तो आणि स्टीलची गोळी जिन्यावरून एकदम हातातून सोडा, दोन मजले मिळाले तर उत्तम, खाली एका मुलाला बाजूला उभं करून माणसं येत नाहीत ना ते बघायला सांगा. गोळी आधी पोचते. हवेचा रोध धरलेला नाही हे पुस्तकातलं वाक्य कशासाठी असतं ते यातून कळतं.

मोबाइल वापरा, बंदी नको

फोन दोनेक मीटर लांब, गोळीच्या वाटेला काटकोनात स्टँडवर ठेवा आणि एक पट्टी मागे भिंतीला न लावता गोळी जिथून जाणार त्याच रेषेत उभी करा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो. लॅपटॉपवर एकेक फ्रेम थांबवून स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर चिकटवून गोळीची जागा टिंबानं मारत जा. ६० अंश आणि ३ मीटरच्या फेकीत दर फ्रेमला गोळी ५ सेमी पुढे सरकते, चढताना पण, सगळ्यात वर पण, उतरताना पण, तेवढीच. उभ्या दिशेला मात्र दर फ्रेमचं अंतर आधीच्यापेक्षा साधारण १.१ सेमीनं बदलतं, पूर्ण वाटभर. वर पोचल्यावर वेग शून्य होतो आणि त्वरणही शून्य होतं म्हणणाऱ्या मुलाला हा कागद द्या, त्यानं स्वतः मोजलेले आकडे तो नाकारू शकत नाही. स्लो मोशन वापरत असाल तर सेटिंगमध्ये फ्रेम किती आहेत ते बघून घ्या, १२० आणि २४० मध्ये गल्लत झाली की जी चा, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे मिळणाऱ्या त्वरणाचा, आकडा चौपट चुकतो.

थोडं सांभाळा

१७ ग्रॅमची गोळी डोळ्याला लागली तर गंभीर इजा होते. लाँचरसमोर कुणी बसायचं नाही, वाकून नळीत बघायचं नाही, जो खटका दाबतो त्यानं गॉगल घालायचाच. लहान भावंडं घरात असतील तर गोळ्या मोजून डब्यात टाका. वर्गात जागा कमी असते, बाकांच्या खाली गोळ्या पळतात, त्यामुळे शेवटी सतरंजीची घडी आडवी टाका.

जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत स्टीलच्या गोळीला दोन आठवड्यांत तांबूस डाग येतात आणि गंजलेली गोळी पन्हाळीत अडखळते. वापर झाला की फडक्यानं पुसा, मशीनच्या तेलाचा एक थेंब चोळा, आणि पुढच्या वेळी वापरायच्या आधी कोरड्या फडक्यानं ते तेल काढून टाका, नाहीतर गोळी घरंगळायच्या ऐवजी घसरायला लागते आणि आकडे बदलतात. गोळी हरवली तर आमच्याकडून मागवायलाच पाहिजे असं नाही, नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांकडे १६ मिमीची मिळते, जुनी गोळी सोबत न्या आणि मापून घ्या. स्प्रिंग मात्र बाहेरची टाकू नका, जास्त कडक निघाली तर वेग वाढतो. ती सैल झाली असं वाटलं तर लाँचर जमिनीवर ठेवून ४५ अंशाला पाच वेळा उडवा, पडायच्या जागी तोंडाच्या उंचीचं खोकं ठेवून, आणि सरासरी ८५ सेमीच्या खाली आली तर लाँचर आमच्याकडे पाठवा, बदलून देतो.