रॉ फाइल टिकते, एडिटिंगचं काय? फोटो सॉफ्टवेअरच्या नव्या फीचर्समागचा इतिहास

फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की चर्चा ठरलेली असते. नॉइज (फोटोतले दाणे) किती कमी झाला, मास्क (बदलासाठी निवडलेला भाग) किती अचूक बसला, नको असलेला माणूस एका क्लिकमध्ये कसा गायब झाला. यातलं बरंचसं खरोखर थक्क करणारं आहे. पण यातलं काहीच एकाएकी उगवलेलं नाही. या सगळ्याचा पाया 1975 ते 2007 या काळात घातला गेला आणि त्यातला एक निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: मूळ फाइलला हात लावायचा नाही, केलेले बदल फक्त सूचना म्हणून जपायचे. त्यामुळे कुठलंही नवं फीचर आलं की मी आधी दोन गोष्टी बघतो. ते हा नियम पाळतं का? आणि त्याने लिहिलेल्या सूचना आणखी वीस वर्षांनी कुणाला वाचता येतील का?

सुरुवात कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून करावी लागते. सेन्सरला रंग कळत नाही, कुठे किती प्रकाश पडला एवढंच तो मोजतो. कोडॅकमधले शास्त्रज्ञ ब्राइस बेयर यांनी प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर बसवण्याची मांडणी सुचवली. निम्मे फिल्टर हिरवे, पाव लाल, पाव निळे, कारण आपल्या डोळ्याला बारकावे सर्वाधिक जाणवतात ते हिरव्याच्या आसपास. पेटंटचा अर्ज 1975 मध्ये झाला आणि 1976 मध्ये पेटंट मिळालं. त्याच 1975 साली, त्याच कंपनीत, स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला होता. 100 बाय 100 पिक्सेलचा एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागायचे.

बेयर यांच्या मांडणीचा अर्थ नीट लक्षात घेतला तर आजची निम्मी फीचर्स आपोआप समजतात. रंगीत फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे लागतात आणि सेन्सरने मोजलेला असतो एकच. म्हणजे आपण बघतो त्या फोटोतले दोन तृतीयांश आकडे आजूबाजूच्या पिक्सेलवरून काढलेले अंदाज असतात. या प्रक्रियेला डिमोझेइकिंग म्हणतात. गुळगुळीत भिंत किंवा निरभ्र आकाश असेल तर अंदाज सहज जमतो. कापडाची बारीक वीण, जाळी, उजेडासमोर आलेले केस अशा ठिकाणी तो चुकतो आणि जिथे रंगच नाही तिथे जांभळे-हिरवे पट्टे उमटतात. अंदाज आहे म्हटल्यावर तो सुधारायला जागा आहे, आणि गेली कित्येक वर्षं हेच काम चालू आहे.

कॅमेऱ्याने हा अंदाज स्वतःच बांधून, रंग ठरवून, 8 बिटांची जेपेग हातात दिली तर प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या उरतात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने मोजलेले आकडे जपणाऱ्या फाइलमध्ये, त्या 12 बिटांत 4,096 आणि 14 बिटांत 16,384 असतात. शिवाय सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, त्यामुळे 12 बिटांतल्या निम्म्या, म्हणजे 2,048 पायऱ्या सर्वांत उजळ अशा एकाच स्टॉपला (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याचा एक टप्पा) मिळतात, त्याखालच्या स्टॉपला 1,024, त्याखालच्याला 512. गडद भाग उजळवला की तो खरबरीत का दिसतो, याचं एक कारण इथे आहे. दुसरं कारण प्रकाशाच्याच स्वभावात आहे, त्याकडे पुढे येतो.

1991 मध्ये कोडॅकने निकॉन एफ3 च्या बॉडीवर 1.3 मेगापिक्सेलचा डीसीएस बाजारात आणला. फोटो साठवायचं युनिट वेगळं, खांद्याला अडकवायचं. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 1990 मध्ये, थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप आलं होतं. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि मूळ चित्र खाली ठेवून वर काम करण्याची सवय लागली. तरीही फोटोशॉप पिक्सेल बदलणारंच सॉफ्टवेअर होतं. रॉ फाइल उघडायची तर कॅमेरा कंपनीचं स्वतःचं, बहुधा संथ आणि किचकट, सॉफ्टवेअर वापरावं लागे.

ही कोंडी फोडण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे आणि त्याचं नाव फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. डेव्ह कॉफिन यांनी 1997 मध्ये डीसीरॉ नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. कुठल्याही कॅमेऱ्याची रॉ फाइल कुठल्याही संगणकावर उघडता आली पाहिजे, एवढंच ध्येय. सी भाषेतली एकच फाइल, सगळ्यांसाठी खुली. कंपन्या आपल्या फॉरमॅटची माहिती देत नसत, म्हणून प्रत्येक नव्या कॅमेऱ्याच्या फाइलचा एकेक बाइट तपासून रचना ओळखायची. 2018 पर्यंत ते हे करत राहिले. पुढे लिबरॉ ही लायब्ररी याच कोडवरून तयार झाली आणि आज अनेक प्रोग्राम रॉ वाचण्यासाठी तिच्यावर विसंबून असतात.

फेब्रुवारी 2003 मध्ये थॉमस नोल यांनीच लिहिलेलं कॅमेरा रॉ हे प्लगइन फोटोशॉपची कंपनी अडोबीने फोटोशॉप 7 साठी 99 डॉलरला विकायला काढलं. त्याच वर्षीच्या फोटोशॉप सीएसमध्ये ते समाविष्ट झालं. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार साधायचा समतोल), एक्स्पोजर, शॅडो असे मोजके स्लायडर. मूळ फाइल जशीच्या तशी, सूचना शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये.

2005 मध्ये वाद पेटला. निकॉनने डी2एक्स कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सची माहिती कूटबद्ध केली आणि नोल यांनी त्यावर जाहीर नाराजी मांडली. कॉफिन यांनी ते कूट सोडवलं, पुढे कंपन्यांमध्ये तडजोडही झाली. पण मी काढलेल्या फोटोतली माहिती नेमकी कुणाची, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला. अडोबीने 2004 मध्येच डीएनजी हा खुला फॉरमॅट मांडला होता. लायका, पेंटॅक्स यांनी तो स्वीकारला, 2014 मध्ये अँड्रॉइड 5 ने आणि 2020 मध्ये अॅपलच्या प्रोरॉने तोच वापरला. मोठ्या कॅमेरा कंपन्या मात्र आपापल्या फॉरमॅटवर ठाम राहिल्या.

सूचनांवर चालणाऱ्या एडिटिंगला पूर्ण रूप आलं ते अॅपर्चर आणि लाइटरूममुळे. अॅपलने ऑक्टोबर 2005 मध्ये 499 डॉलरचं अॅपर्चर जाहीर केलं. अडोबीने जानेवारी 2006 मध्ये लाइटरूमची बीटा आवृत्ती लोकांसाठी खुली केली आणि फेब्रुवारी 2007 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आणली. हजारो फोटोंची निवड, वर्गवारी आणि एडिटिंग एकाच जागी, आणि एका फोटोवरच्या सूचना शंभर फोटोंवर क्षणात लागू. फेज वनचं कॅप्चर वन, फ्रान्सचं डीएक्सओ, मुक्त सॉफ्टवेअरमधली रॉथेरपी आणि 2009 पासूनचं डार्कटेबल ही मंडळी याच दशकात रुजली.

सूचना जपायच्या म्हटल्यावर एक अडचण येते. सॉफ्टवेअरमागचं गणित सुधारलं की जुन्या सूचनांमधून वेगळाच फोटो तयार होईल. अडोबीचा यावरचा उपाय म्हणजे प्रोसेस व्हर्जन. 2010 मध्ये लाइटरूम 3 ने नवं डिमोझेइकिंग आणि नॉइज कमी करण्याची नवी पद्धत आणली, पण जुने फोटो 2003 च्या गणितावरच ठेवले. 2012 मध्ये तर स्लायडरच बदलले. रिकव्हरी, फिल लाइट, ब्राइटनेस गेले. हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट्स, ब्लॅक्स आले. आधी ब्राइटनेस 50 वर आणि कॉन्ट्रास्ट 25 वर सुरू व्हायचा, आता सगळं शून्यावर. 2008 मध्ये एडिट केलेला फोटो आज उघडला तरी जुने स्लायडर दिसतात आणि जुनं प्रोसेस व्हर्जन वापरात असल्याची एक छोटी खूण दिसते. आपण सांगितल्याशिवाय तो बदलत नाही. जाहिरातीत अशा गोष्टींचा उल्लेख नसतो. माझ्या मते मात्र या क्षेत्रातली ही सर्वांत सचोटीची कामगिरी आहे. एक्सएमपी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा: एक्स्पोजर2012, हायलाइट्स2012 अशा नावांच्या ओळी दिसतील. कुठल्या काळचं गणित वापरायचं, ते नावातच नोंदलेलं आहे.

अॅपर्चरच्या बाबतीत हे आश्वासन टिकलं नाही. जून 2014 मध्ये अॅपलने त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी विक्री बंद झाली आणि 2019 च्या मॅकओएस कॅटालिनापासून ते चालेनासं झालं. लाइटरूममध्ये फोटो नेण्याची सोय आली. तीत कीवर्ड आले, रेटिंग आलं, पण एडिटिंगच्या सूचना आल्या नाहीत, कारण त्या वाचणारं गणितच दुसऱ्याकडे नव्हतं. वर्षानुवर्षं मेहनतीने घडवलेल्या संग्रहांवर हे ओढवलं. 2013 पासूनच्या भाडेपद्धतीने यात आणखी एक पदर जोडला: सदस्यत्व संपलं तर लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद होतं.

आता नॉइजकडे येऊ. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांच्या संख्येतला चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलवर 10,000 फोटॉन पडले तर चढउतार 100 चा, म्हणजे 1 टक्का. 100 च पडले तर 10 चा, म्हणजे 10 टक्के. अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे बऱ्याच अंशी इथून येतात, सेन्सर कितीही चांगला असला तरी. डिमोझेइकिंग आधी केलं तर एका पिक्सेलमधली चूक शेजाऱ्यांत मिसळते आणि दाण्यांचे रंगीत डाग होतात. म्हणून दोन्ही कामं एकदम करावीत, हा विचार जुना होता. 2016 मध्ये मायकेल गार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते न्यूरल नेटवर्कने करून दाखवलं. ऑक्टोबर 2020 मध्ये डीएक्सओचं डीपप्राइम आलं, एप्रिल 2023 मध्ये अडोबीचं डीनॉइज. आयएसओ 6400 चा, म्हणजे कमी उजेडात काढलेला, फोटो आज जसा दिसतो, तसा दहा वर्षांपूर्वी शक्यच नव्हता, आणि तो त्याच जुन्या रॉ फाइलमधून निघतो. माझ्या लेखी रॉ जपून ठेवण्याचं सर्वांत मोठं बक्षीस हेच.

पण अडोबीच्या या डीनॉइजसाठी सुरुवातीला प्रत्येक फोटोची वेगळी, मूळ फाइलच्या कितीतरी पट मोठी डीएनजी तयार करावी लागायची. म्हणजे सूचनांचा नियम मोडून पुन्हा पिक्सेलच जपणं आलं. जून 2025 मध्ये लाइटरूम क्लासिकने ती वेगळी फाइल काढून टाकली. त्या आवृत्तीतलं हे एक फीचर मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

मास्कचीही हीच वाट. 2006 च्या निकॉन कॅप्चर एनएक्समध्ये यू पॉइंट होता: एक बिंदू ठेवा, तसाच रंग असलेला आसपासचा भाग निवडला जाईल. 2008 मध्ये लाइटरूम 2 ने ब्रश आणला, त्यात ब्रश कुठून फिरला याचीच नोंद राहायची. ऑक्टोबर 2021 पासून आकाश किंवा विषय ओळखून मास्क आपोआप तयार होतो. सोय अफाट आहे. पण ‘आकाश निवड’ ही सूचना पाळायला ते विशिष्ट एआय मॉडेल लागतं, आणि ब्रशच्या रेषेसारखी ती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचून दाखवता येत नाही.

खरी सीमारेषा मात्र त्यापुढे आहे. 2010 मध्ये फोटोशॉप सीएस5 ने कंटेंट-अवेअर फिल आणलं. रिकामी जागा भरायला ते त्याच फोटोतले तुकडे शोधून जोडायचं. मे 2023 मध्ये फोटोशॉपच्या बीटात जनरेटिव्ह फिल आलं आणि वर्षभराने लाइटरूममध्ये जनरेटिव्ह रिमूव्ह. यात भरलेला भाग कंपनीच्या सर्व्हरवर नव्याने तयार होतो. डिमोझेइकिंगसुद्धा अंदाजच आहे, हे खरं. पण तो शेजारच्या मोजलेल्या आकड्यांना बांधलेला असतो. इथे सेन्सरने कधीच न पाहिलेलं काही फोटोत येतं. 2021 मध्ये फोटो कुठून आला आणि त्यात काय बदललं याच्या नोंदीचं मानक ठरवणारी सी2पीए ही संस्था उभी राहिली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये लायका एम11-पी हा फोटो काढतानाच त्यावर डिजिटल सही करणारा पहिला कॅमेरा आला, तो यासाठीच. बातमीचा किंवा डॉक्युमेंटरी फोटो असेल तर आता न बदललेली रॉ फाइल पुरावा म्हणून मागितली जाते.

डीसीरॉच्या यादीत 1992 चा कोडॅक डीसीएस200 आहे. त्या कॅमेऱ्याची फाइल आजही उघडते आणि तिच्यावर डिमोझेइकिंगच्या आजच्या पद्धती वापरता येतात. 2013 मध्ये अॅपर्चरवर केलेलं काम मात्र आजच्या मॅकवर उघडत नाही. त्यामुळे मनापासून केलेल्या फोटोंचं काम संपलं की रॉ आणि एक्सएमपीसोबत 16 बिटांची एक टिफ फाइलही, म्हणजे तयार फोटोच, काढून ठेवावी. जागा खूप लागते, पण ती उघडायला कुठलं विशिष्ट सॉफ्टवेअर, मॉडेल किंवा सदस्यत्व लागत नाही.