नव्या आवारातील अनोळखी झुडपे : ओळख व छाटणी

विकत घेतलेल्या किंवा वारशाने आलेल्या घराच्या आवारात आधीच्या माणसांनी लावलेली, नाव ठाऊक नसलेली झुडपे ओळखून त्यांच्या स्वभावाप्रमाणे छाटण्याचे काम. नागपुरात धंतोली, धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स या जुन्या वस्त्यांतल्या घरांत त्याची हमखास गरज पडते. यात ओळख आधी आणि कात्री नंतर. हा क्रम उलटला की वीस-पंचवीस वर्षांचे झाड एका सकाळी जाते आणि ते कोणते होते हेही कळत नाही.

नागपूरकरांची अडचण मुहूर्तापासूनच सुरू होते. गृहप्रवेश बहुधा गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला होतो आणि झाड ओळखायला त्याहून वाईट हंगाम नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. काळी माती भेगाळते, भेगांत बारीक मुळ्या तुटतात. पारिजातकाची पाने गळून पडतात, चाफ्याच्या नुसत्या काठ्या उरतात. अशा झुडपाला वाळलेले समजून माळ्याच्या हवाली करू नये. फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवट ओल दिसली तर ते जिवंत आहे. उन्हाळ्यात जोराची छाटणी केली तर सावलीत वाढलेली साल उघडी पडून भाजते. जूनच्या मध्याला पाऊस आला की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते आणि निम्मी कोडी तिथेच सुटतात. जमल्यास एक पावसाळा आणि एक हिवाळा पूर्ण जाऊ द्यावा.

फूल नसतानाही झाड बरेच काही सांगते. पाने समोरासमोर आहेत की आलटून पालटून, हे आधी पाहावे. मग कोवळी फांदी बोटांत फिरवावी. ती चौकोनी लागली आणि समोरासमोरची पाने खरखरीत असली तर पारिजातक किंवा घाणेरी. घाणेरीला, म्हणजे आपल्याकडच्या रायमुनियाला, फांदीवर बारीक काटे असतात आणि पान चुरगळले की उग्र वास येतो. ती फळ धरण्याआधी मुळासकट काढावी. एका देठावर पाच किंवा तीन लांबट पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग, आणि औषधी वास म्हणजे निर्गुडी. पान तोडताच पांढरा चीक आला तर तगर, चाफा किंवा बिट्टी. एकेका पेरावर तीन-तीन लांब, चिवट पाने असतील तर कण्हेर. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही विषारी आहेत. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नयेत, जाळूही नयेत, कारण धूरसुद्धा घातक असतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

पान उजेडासमोर धरून पाहणे ही सर्वांत सुंदर परीक्षा. लिंबू, संत्रा, कढीपत्ता, कामिनी यांच्या पानांत सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके चमकतात. त्या तेलाच्या ग्रंथी. नागपूरच्या आवारात संत्र्याचे झाड असणारच, आणि त्यातच मोठी फसगत होते. संत्र्याची कलमे बहुधा जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या झाडावर, बांधलेली असतात. दुर्लक्ष झाले की डोळ्याखालून, म्हणजे कलमाच्या जोडाखालून, जंबेरी फुटते, जोमाने वाढते आणि वरच्या संत्र्याला उपाशी मारते. मग लोक म्हणतात, संत्र्याला आंबट लिंबे लागली. जंबेरीची फूट जास्त काटेरी असते, तिच्या कोवळ्या पालवीला आणि कळ्यांना जांभळट झाक असते. संत्र्याचे फूल शुभ्र असते. डोळ्याखालचे असे फुटवे सापडतील तेव्हा, कोणत्याही ऋतूत, बुडापासून काढावेत. डोळ्यावर काहीच जिवंत उरले नसेल तर ते झाड आता जंबेरीचेच.

सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, झाड ओळखले नसले तरी काढायला हरकत नाही. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांचेही तसेच. त्यापुढच्या छाटणीसाठी मात्र नाव हवे. मोगऱ्याचे पाणी हिवाळ्यात तोडून जानेवारीच्या सुमारास छाटणी केली तर उन्हाळ्यात तो फुलांनी लदबदतो. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून थंडी ओसरताना तिला बेताने छाटावे. गुलाबाची छाटणी पावसानंतर ऑक्टोबरात. कुंद थंडीत फुलतो, त्याला फुले संपल्यावरच हात लावावा. एरवी कळ्याच कापल्या जातात. ओळख पटली नाही तर हाच नियम धरावा : बहार ओसरू द्यायचा, मग छाटायचे.

एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त फांद्या काढू नयेत. फार माजलेले झुडूप तीन वर्षांत, दरवर्षी काही जुनी खोडे बुडातून काढून, नवे करता येते. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार असावे आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना स्पिरिटने पुसावे. काप फांदीवरच्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, किंचित वर, तिरपा. संत्रा-लिंबाच्या मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावतात : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. छाटणीआधी पानाआड बुलबुलाचे किंवा शिंपी पक्ष्याचे घरटे नाही ना, ते पाहावे. आणि जे झुडूप वाटते ते कडुनिंबाचे किंवा पिंपळाचे वाढते झाड निघाले, तर शहरात ते तोडण्यापूर्वी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

एवढे करूनही नाव लागले नाही तर वीतभर फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात दाखवावी. संत्रावर्गीय झाड असेल तर अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत. नुसते एक पान नेऊ नये. पाने फांदीला जशी लागली आहेत तशीच, आणि मिळाले तर फूल किंवा फळही सोबत असावे.