लेज्यून तळाचे पाणी नासवले कोणी?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅम्प लेज्यून या मरीन तळाचे पिण्याचे पाणी केवळ लष्करी सांडपाण्यामुळे दूषित झाले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तळावरील हॅडनॉट पॉइंट या भागाच्या विहिरींत गळक्या भूमिगत टाक्यांतून आणि कार्यशाळांतील सांडलवंडीतून ट्रायक्लोरोएथिलीन हे ग्रीस काढण्याचे द्रावक (इतर पदार्थ विरघळवणारे रसायन) उतरले. मे १९८२ मध्ये नळाच्या पाण्यात ते दर अब्ज भागांत १,४०० भाग आढळले, आजची मर्यादा अवघी ५ आहे. तळावरच्याच टारावा टेरेस या वसाहतीच्या विहिरींतले टेट्राक्लोरोएथिलीन हे दुसरे द्रावक मात्र तळाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंग दुकानातून झिरपले होते. अर्थात, यामुळे तळ निर्दोष ठरत नाही: पाण्यात क्लोरिन मिसळल्याने तयार होणाऱ्या उपउत्पादनांची तपासणी करताना प्रयोगशाळेने १९८१ मध्येच द्रावकांचा इशारा दिला होता, तरी दूषित विहिरी बंद व्हायला १९८४-८५ उजाडले.