मुंबई ते दुबई किती तास? आणि आधी किती लागायचे

खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात गल्फला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल, त्यामुळे "मुंबईवरून दुबई किती तास" हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. हवाई अंतर साधारण १९३० किलोमीटर, विमानाला तीन तास, विषय संपला. पण हे तीन तास तसे अलीकडचेच.

आधी सगळा मामला बोटीचा. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईवरून कराची, मस्कत, दुबई असं करत करत पार बसऱ्यापर्यंत जायच्या, गरीब माणूस डेकवर वळकटी टाकून, आणि अंतर कोण विचारतंय, वाटेत बंदरं किती घेणार त्यावर सगळं. दुबईत बोट धक्क्याला लागायचीच नाही, रशीद बंदर झालं १९७२ ला, त्याआधी बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकणार आणि माणसं-सामान होड्यांतून किनाऱ्यावर. हर्णै-जयगडवाल्यांना यात नवल कसलं, इकडेही पडावातूनच उतरायचं! याच लाईनवरची 'दारा' ८ एप्रिल १९६१ ला दुबईसमोर स्फोट होऊन पेटली, २३८ माणसं गेली. तरी बोटी चालूच राहिल्या, शेवटची 'द्वारका' १९८२ ला बंद झाली.

विमान मात्र दुबईच्या आधी शारजाला आलं. इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची लाईन पहिल्यांदा इराणच्या किनाऱ्याने जायची, तिकडची परवानगी संपल्यावर १९३२ च्या ऑक्टोबरात ती अरबांच्या बाजूला आणली आणि शारजात मुक्कामाचं ठिकाण केलं. त्याच महिन्यात, १५ तारखेला, जे. आर. डी. टाटांनी कराचीवरून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं, म्हणजे शारजा-कराची-मुंबई अशी हवाई साखळी तेव्हाच जुळली. पण ती विमानं ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसतं हवेतच बारा तास, मधले थांबे वेगळे. दुबईचा स्वतःचा विमानतळ १९६० चा, तोही दाबलेल्या वाळूच्या धावपट्टीचा, डांबरी रनवे १९६५ ला. (तोपर्यंत तिकडे रुपयाच चालत होता, आधी आपला आणि मग रिझर्व्ह बँकेने छापलेला गल्फ रुपया.) पुढे जेट आले, १९८५ च्या ऑक्टोबरात एमिरेट्स सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच ठिकाणांत मुंबई होती.

आता तिकिटाचा घोळ. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे सकाळी १० ला निघून तिकडच्या सव्वाअकराला-साडेअकराला पोचलो असं दिसतं आणि माणूस म्हणतो काय सुसाट विमान, येताना तेच तिकीट चार-साडेचार तासांचं वाटतं. खरं उलट आहे, येतानाच लवकर होतं. वर जेट स्ट्रीम नावाचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा असतो, हिवाळ्यात तो आपल्या अक्षांशांच्या जवळ सरकतो, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची, मुंबईत रनवेसाठी लाईनीत उभं राहणं त्यातच आलं.

आणि हे सगळं फक्त मुंबईपासूनचं. रत्नागिरीवरून रोडने मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पण हायवेवर दुबईच्या दुप्पट वेळ आरामात जातो. सावंतवाडी-बांद्याच्या लोकांचं बरं, त्यांच्या दाराशी जानेवारी २०२३ पासून गोव्याचा मोपा विमानतळ आहे, खेड-मंडणगडवाल्यांना अजून मुंबईच.