टच टेबल

टच टेबल : बैठकीच्या टेबलाच्या पृष्ठभागातच स्पर्शसंवेदी पडदा बसवून केलेले टेबल. भोवती बसलेल्यांना नकाशा, आराखडा किंवा हिशेबाचा तक्ता बोटांनी सरकवता, फिरवता व मोठा करता येतो. भिंतीवरच्या टचस्क्रीनहून याचे खरे वेगळेपण आडवेपणात आहे. पडदा आडवा झाला की उष्णता, प्रकाश, वजन आणि वाचण्याची दिशा यांचे उभ्या पडद्याचे हिशेब लागू पडत नाहीत. पुण्यासारख्या शहरात मापानुसार करून घेतलेल्या टेबलांचा आराखडा याच मुद्द्यांभोवती फिरतो.

इतिहास : स्पर्शपडद्याच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकवाक्यता नाही. लोकप्रिय लेखनात बहुधा सॅम हर्स्ट या अमेरिकन भौतिकीविज्ञांचे नाव येते. त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी केंटकी विद्यापीठात असताना ‘एलोग्राफ’ हा स्पर्शसंवेदक तयार केला आणि दाबाने दोन वाहक थर टेकवणाऱ्या रेझिस्टिव्ह पद्धतीचा व्यापारी प्रसार त्यांच्या कंपनीमुळे झाला. मात्र मूळ एलोग्राफ पारदर्शक नव्हता. त्याला पडदा म्हणणे कठीण आहे. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटचे ई. ए. जॉन्सन यांचे, बोट लागल्याने होणारा विद्युत् धारितेतील बदल ओळखणाऱ्या कपॅसिटिव्ह पद्धतीविषयीचे टिपण १९६५ मध्ये आणि सविस्तर लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानवाहतूक नियंत्रकांना पडद्यावरच्या मजकुराला थेट बोट लावून निवड करता यावी, हा त्यांचा उद्देश होता. कालक्रम पाहता जॉन्सन यांचा अग्रहक्क मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जिनीव्हाजवळील सर्न या कणभौतिकी संशोधनसंस्थेत फ्रँक बेक व बेंट स्टुम्पे यांनी १९७२-७३ च्या सुमारास पारदर्शक कपॅसिटिव्ह पडदा तयार केला. तो नियंत्रण कक्षातील कळांच्या जागी वापरायचा असल्याने त्यावरील स्पर्शाच्या जागा ठरलेल्या होत्या.

आडव्या पृष्ठभागाची वंशावळ आणखी गुंतागुंतीची आहे. टोरंटो विद्यापीठातील निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये दुधी काचेच्या मागे कॅमेरा ठेवून एकापेक्षा अधिक बोटे ओळखून दाखवली. मायरन क्रूगर यांचा ‘व्हिडिओडेस्क’ही १९८० च्या दशकातलाच. तो स्पर्श नव्हे, तर वरून टिपलेली हाताची आकृती ओळखत असे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे पिअर वेल्नर यांनी १९९१ च्या सुमारास केलेल्या ‘डिजिटलडेस्क’मध्ये प्रोजेक्टर आणि कॅमेरा डोक्यावर टांगलेले होते आणि टेबल साधेच होते. बहुस्पर्शाचा उगम शोधायचा तर मेहता यांच्यापर्यंत जावे लागते. बैठकीच्या टेबलाचा उगम शोधताना मात्र जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेले ‘इंटरॅकटेबल’ आणि मित्सुबिशीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेचे ‘डायमंडटच’ (२००१) ही दोन अधिक जवळची ठरतात, कारण अनेकांनी भोवती बसून एकत्र काम करणे ही त्यांची मूळ कल्पना होती. डायमंडटचमध्ये वापरणाऱ्याच्या शरीरातून खुर्चीकडे जाणाऱ्या क्षीण संकेतावरून स्पर्श कोणाचा हेही कळत असे. आजच्या सर्वसाधारण टच टेबलाला हे जमत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. जेफ हॅन यांनी २००५ मध्ये अवरक्त प्रकाशाच्या आंतरिक परावर्तनावर आधारलेला स्वस्त बहुस्पर्शी पडदा दाखवला आणि २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस’ टेबल जाहीर केले. ३० इंची पृष्ठभागाच्या या टेबलात खाली प्रोजेक्टर आणि पाच अवरक्त कॅमेरे होते. त्यामुळे ते पेटीसारखे बंद होते आणि पाय आत घेऊन बसण्याची सोय त्यात नव्हती. ते गाजले, तरी बैठकीच्या टेबलाचा पूर्वज म्हणून त्याला पहिले स्थान देता येत नाही.

संवेदन : सध्या मुख्यतः दोन पद्धती वापरतात. अवरक्त चौकटीत काचेच्या कडांना बारीक एलईडी आणि त्यांच्यासमोर प्रकाश टिपणारे संवेदक असतात. बोटाने किरण अडले की जागा कळते. ही पद्धत मोठ्या मापात स्वस्त पडते. परंतु किरणांची जाळी काचेच्या काही मिलीमीटर वर असल्याने चौकटीला उंचवटा लागतो आणि टेबल सपाट राहत नाही. शिवाय टेकलेली बाही, ठेवलेली फाइल, चहाचा कप हे सारे तिच्या दृष्टीने स्पर्शच असतात. ज्या टेबलावर माणसे कोपरे टेकून बसणार, तिथे ही उणीव मोठी आहे. प्रोजेक्टेड कपॅसिटिव्ह पद्धतीत काचेखाली पारदर्शक वाहकाची किंवा अतिसूक्ष्म धातूच्या तारांची जाळी असते. वरची काच कडेपर्यंत सपाट राहते, आणि तळहात टेकलेला आहे की बोट लावले आहे हे संपर्काच्या आकारावरून बऱ्याच अंशी ओळखता येते. काच जाड केली की संकेत क्षीण होतो. म्हणून ४ ते ६ मिमी जाडी सामान्यतः निवडतात. चहा सांडला तर ओल्या जागी खोटे स्पर्श उमटू शकतात, आणि मीटिंग म्हटली की चहा आलाच. त्यामुळे काचेचा सांधा जलरोधक करणे अनिवार्य समजावे.

कपॅसिटिव्ह पडद्याला अर्थिंग नीट लागते. जुन्या इमारतींत अर्थिंग कच्चे असेल, तर कोणीही हात न लावता पडद्यावर स्पर्श उमटू लागतात आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. टेबल बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घेणे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

पडदा व काच : ५५ इंची पॅनेलचे (चित्र उमटवणाऱ्या पडद्याचे) दृश्य क्षेत्र सुमारे १२१ × ६८ सेंमी असते. ते ४के विभेदनाचे (रेझोल्यूशनचे) असल्यास चित्राचा एक बिंदू ०.३१५ मिमीचा होतो, फुल एचडी असल्यास दुप्पट. भिंतीवरच्या पडद्याला फुल एचडी चालते. टेबलाशी बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असल्याने तेच बिंदू सुटे दिसतात. लोक चारही बाजूंनी बसणार म्हणून पॅनेल आयपीएस किंवा तत्सम प्रकारचे, म्हणजे बाजूने पाहिले तरी चित्र स्पष्ट दिसणारे हवे. छतावरचे दिवे आडव्या काचेत थेट समोरच्याच्या डोळ्यांवर परावर्तित होतात. त्यासाठी काच अँटिग्लेअर (चकाकी कमी करणारी) करून घेतात, पण हा संस्कार फार झाला तर अक्षरे चमचमतात. काच आणि पॅनेल यांमधली हवेची फट पारदर्शक डिंकाने भरल्यास परावर्तन घटते आणि बोट व चित्र यांतील अंतरही कमी भासते. टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली) काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे मापे भट्टीपूर्वीच पक्की करावी लागतात.

बहुतेक पॅनेले उभी टांगण्यासाठी बनवलेली असतात. आडवी ठेवल्यावर मोठ्या पॅनेलमधील प्रकाश पसरवणारे थर मध्यभागी झोळ देऊ शकतात, आणि बॅकलाइटची उष्णता सरळ वर काचेकडे येते. उत्पादक आडव्या वापराची हमी देतो का, हे खरेदीआधी तपासणे आवश्यक आहे. पंखे लावले तर त्यांचा आवाज टेबलावरच्या माइकमध्ये शिरतो. म्हणून मोठा व मंद फिरणारा पंखा बरा.

रचना : टेबलाची उंची साधारण ७५ सेंमी. पॅनेल, चौकट आणि हवेची फट यांत १२ सेंमी गेले तर मांड्यांसाठी ६३ सेंमी उरतात आणि बसणाऱ्याला अडचण होते. म्हणून जाडी त्याहून कमी ठेवावी. पडद्याचे वजन ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी चौकटीवर घ्यावे, लाकडावर नव्हे. पुण्यात एप्रिलमधील कोरडी हवा आणि जुलैमधील दमट हवा यांत सागवानी फळी आडव्या दिशेने फुगते-आकसते. तिला काच घट्ट भिडवली तर ताण काचेवर येतो. कडेला २-३ मिमी फट ठेवून ती सिलिकॉनने भरतात. प्लायवुडमध्ये ही हालचाल बरीच कमी असते. लाकूडकामाचे सामान भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, तारा-जोडण्यांचे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि पत्रा कापून पावडर कोटिंग करून देणारे कारखाने भोसरी परिसरात मिळतात. सुतार, फॅब्रिकेटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला यांनी एकाच नकाशावरून काम करणे महत्त्वाचे.

दिशा व लिपी : समोर बसलेल्याला मजकूर उलटा दिसतो, म्हणून प्रत्येक खिडकी फिरवता आली पाहिजे. देवनागरीत याचा त्रास अधिक होतो. शिरोरेषा ही लांब आडवी रेघ असल्याने खिडकी जराशी तिरपी झाली तरी ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ९० अंशांच्या टप्प्यांतच फिरू देणे हा सोपा मार्ग आहे. टंकनासाठी प्रत्येक बाजूला स्वतंत्र कळफलक हवा. भारतीय लिप्यांच्या कळफलकाची इन्स्क्रिप्ट मांडणी आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात नमूद आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ हे संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम पुढे पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणक संशोधनसंस्थेने वाढवले.

देखभाल : पॅनेलचे आयुष्य टेबलापेक्षा बरेच कमी असते. ते खालून काढता येईल असे दार ठेवावे. बसवण्याची छिद्रे पॅनेलच्या मापाला न जखडता सरकत्या पट्टीवर घेतल्यास पुढचे मॉडेल थोड्या वेगळ्या मापाचे असले तरी त्याच चौकटीत बसते.