नुसता खांब छत धरत नाही: साधं माइनक्राफ्ट आणि टेराफर्माक्राफ्ट

‘माइनक्राफ्टमध्ये खाण कोसळू नये म्हणून काय करायचं?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ‘कुठल्या माइनक्राफ्टमध्ये?’ समोरचा वैतागतो. पण अर्धा घोळ इथेच आहे. साधं माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे फोडायचा-रचायचा व्हिडिओ गेम, आणि त्यावर चढवलेला टेराफर्माक्राफ्ट हा मॉड, म्हणजे मूळ खेळाचे नियम बदलणारी भर, दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. तेच चौकोनी ठोकळे, तोच अंधार, तीच कुदळ. व्हिडिओच्या चित्रावरून कुठला खेळ चाललाय ते पटकन कळत नाही. मग एकाचे सल्ले दुसऱ्यात लावले जातात. कुणी साध्या खेळात उगाच लाकडाच्या चौकटी ठोकत बसतो, तर कुणी मॉडमध्ये बिनधास्त बोगदा खणतो आणि दगडाखाली गाडला जातो.

साध्या माइनक्राफ्टबद्दल फार लिहीत नाही, ते बहुतेकांना येतं. तिथे दगड पडत नाही. डोंगराखाली अख्खं आझाद मैदान पोखरा, छत जागचं हलणार नाही. खाणीत पडतात ती मुख्यतः वाळू आणि ग्रॅव्हल (खडी), आणि त्यांचा हिशेब एकच: खाली आधार आहे की नाही. तोही शेजारी काही हललं तरच बघितला जातो, म्हणून गुहेच्या छताला ग्रॅव्हल कधीकधी अधांतरी चिकटलेली दिसते आणि तुम्ही हात लावला की धाडकन खाली येते. मार लागत नाही, पण डोकं आत अडकलं की दर अर्ध्या सेकंदाला अर्धं हृदय जातं, म्हणजे दहा हृदयांच्या पूर्ण तब्येतीतला माणूस दहा सेकंदांत आटोपला. उपाय दोन. सरळ डोक्यावर खणू नका. आणि ग्रॅव्हलचा उभा थर लागला तर सगळ्यात खालचा ठोकळा काढून त्या जागी झटकन मशाल लावा, वरचा सगळा थर तिच्यावर पडून फुटतो आणि उचलून घेता येतो. जुन्या पडीक खाणींमध्ये लाकडाच्या चौकटी दिसतात त्या निव्वळ शोभेच्या आहेत. त्या तोडून लाकूड घरी न्या, काही होत नाही. ‘त्या चौकटींनी छत धरलंय’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटलेत. असो.

आता टेराफर्माक्राफ्ट. मी माइनक्राफ्ट 1.20 वर चालणाऱ्या आवृत्तीबद्दल बोलतोय.

इथे अखंड खडक कोसळतो. आपोआप नाही, तुम्ही खणल्यावर. खडकाचा ठोकळा फोडला की दर वेळी फासे पडतात. नेहमीच्या सेटिंगला दहात एकदा दान उलटं पडतं, आणि मग खेळ आसपास असा ठोकळा शोधतो ज्याच्याखाली पोकळी आहे आणि ज्याला आधार नाही. ‘आसपास’ हा शब्द नीट वाचा. तुम्ही फोडला त्याच्या वरचाच ठोकळा पडेल असं नाही. दोन-तीन पावलं मागे, जिथून तुम्ही आत्ताच आलात तिथलं छतसुद्धा येऊ शकतं, आणि एक निसटला की त्याच्यामागोमाग बाकीचे. ‘मी तर खालचा दगड फोडत होतो, वरचं कसं पडलं?’ याचं उत्तर हे.

यावर इलाज म्हणजे लाकडाचे टेकू. ओंडके आणि करवत असली की बनतात. आणि इथेच सगळे आपटतात.

माझा भाचा डोंबिवलीला असतो. परवा त्याने फोनवर रडका सूर लावला, ‘मामा, दर तीन ब्लॉकवर खांब लावला होता, तरी पडलं!’ मी फोटो मागवला. बोगदा छान, दोन्ही बाजूंना खांबांची रांग लग्नाच्या मांडवासारखी, आणि आडवं लाकूड एकही नाही. उभा खांब या खेळात छताला काडीचाही आधार देत नाही. शून्य. आधार देते ती फक्त आडवी तुळई. खांब आहेत ते तुळई टेकवायला. शंभर खांब उभे करा, तुळई नसेल तर छताच्या दृष्टीने तो बोगदा उघडाच.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्या गॅलरीला बल्ल्यांचे टेकू लागलेत त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यातली एकही बल्ली थेट छताला भिडलेली नाही. प्रत्येकीच्या डोक्यावर आडवी फळी आहे, भार त्या फळीवर पसरतो आणि मग बल्लीतून खाली उतरतो. लहानपणापासून रोज त्याखालून वाकून जात असल्यामुळे असेल, मला खेळातली तुळई कुणी समजावून सांगावी लागली नाही.

तुळई लावली तरी दोन चुका उरतात. पहिली उंचीची. तुळईच्या प्रत्येक ठोकळ्याचा आधार आडव्या चारी दिशांना चार-चार ठोकळे जातो, पण वर फक्त एक आणि खाली एक. म्हणजे तुळई छताला चिकटूनच हवी. तीन उंचीच्या बोगद्यात तुळई दुसऱ्या ठोकळ्यावर बसवली, तर तिचा आधार तिसऱ्या ठोकळ्याच्या पोकळीपर्यंत पोचतो आणि छत मोकळंच राहतं. वर डोक्याला लागते ती वेगळीच. तिसऱ्यावर बसवा, खालून सरळ चालता येतं. दोन खांबांमधलं अंतर पाच ठोकळ्यांपेक्षा जास्त ठेवू नका. मी तीन रुंदीचाच बोगदा काढतो, कडेला खांब, मध्ये तुळई.

दुसरी चूक हिशेबी लोकांची. ते म्हणतात, चार मागे, चार पुढे आणि स्वतःचा एक, म्हणजे दर नवव्या ठोकळ्याला तुळई पुरते. कागदावर बरोबर आहे. पण त्या नवव्या ठोकळ्यापर्यंत तुम्ही पोचणार कसे? पाचव्यापासून पुढचं छत आधाराविना आहे, आणि तिथे प्रत्येक घावाला फासे पडतायत. तुळई पोचेपर्यंत तुम्ही पोचलेले असता. म्हणून चार खणा, थांबा, तुळई लावा, पुढचे चार खणा. लाकूड दुप्पट जातं. जाऊ दे. लाकूड वाचवायच्या नादात भाच्याने लोखंडाची कुदळ गमावली आणि मग एक आख्खा रविवार ती उकरण्यात घालवला.

उकरतानाही साध्या खेळाची सवय नडते. तिथे भोक पडलं की आपण डोळे झाकून कॉबलस्टोनने, म्हणजे फोडलेल्या दगडाच्या ठोकळ्याने, बुजवतो, कारण तो तिथे हलत नाही. इथे कोसळलेल्या खडकाचाच कॉबलस्टोन होतो, आणि तो वाळूसारखा नुसता खाली नाही तर उतारावरून बाजूलाही घसरतो. ढिगारा खालून उपसायला गेलात की वरचा पायाशी येतो. वरून काढा, आणि त्याआधी मागच्या शाबूत भागात एक तुळई ठोका.